आधी काळे उडवा

"मॅडम, कॉम्प्युटर म्हणते जागा नाही," तुमसरे बाबू दारातूनच म्हणाले. "एवढ्या मोठ्या जंगलात त्याले जागा काहून नाही जी?"

मी हातातला चहा ठेवला आणि त्यांच्या मागे निघाले. कोसंबी वनविभागात तेव्हा मी कंत्राटावर होते. कॅमेऱ्यांचे फोटो गोळा करणं, ते नीट लावून ठेवणं आणि सर्व्हर चालू ठेवणं हे माझं काम. आडनाव झाडे. वनखात्यात या आडनावाची मुलगी आल्यावर जे विनोद होतात ते सगळे पहिल्या आठवड्यातच होऊन गेले होते. 'चला, यंदा एक तरी झाड जगलं' हा त्यातल्या त्यात बरा.

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची जप्तीची खोली. लाकूडचोरांच्या कुऱ्हाडी आणि सायकली एका बाजूला सारून तिथे टेबल मांडलेलं. आमच्या सर्व्हरला चित्रं-बित्रं काही दिसत नसत. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. हुकूम टाइप करायचा आणि उत्तर वाचायचं. तुमसरे बाबूंना तो पडदा मुळीच आवडत नसे. त्यांच्या मते ज्या कॉम्प्युटरवर बाण फिरत नाही तो बंद असतो.

मी 'डीएफ' टाइप केलं. कोणत्या डिस्कवर किती जागा उरली ते हा हुकूम सांगतो. उत्तर आलं: शंभर टक्के भरली. उरलेली जागा शून्य.

"म्हणजे?"

"म्हणजे आता यात टाचणीही मावणार नाही, बाबूजी."

"मुळावकर साहेबांचा फोन आला होता. आठ दिवसांत एकही फोटो वर आला नाही म्हणून तापले आहेत."

मुळावकर साहेब वरच्या ऑफिसात बसत. जंगलातल्या आमच्या सगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो रोज आपोआप त्यांच्याकडे जात. सर्व्हर आधी नव्या फोटोंचा गठ्ठा बांधायचा आणि मग तो पाठवायचा. गठ्ठा बांधायलाही थोडी मोकळी जागा लागते. आठ दिवसांचे नवे फोटो डिस्कवर कसेबसे मावले होते, पण गठ्ठ्यापुरती जागा न उरल्यामुळे सगळं अडून बसलं होतं. थोडी जागा झाली की काम आपसूक पुढे सुरू होणार होतं.

जागा कोण खातंय हे शोधायला 'डीयू' नावाचा हुकूम आहे. प्रत्येक फोल्डर किती जड आहे ते तो सांगतो. मी यादी मोठ्याकडून लहानाकडे लावायला सांगितली. सगळ्यात वर जे नाव आलं ते होतं 'वृक्षारोपण अंतिम'. त्याखाली 'वृक्षारोपण अंतिम नवीन'. त्याखाली 'वृक्षारोपण खरेच अंतिम'.

तिन्ही उघडून पाहिले. एकच समारंभ होता. मंत्री खड्ड्यात रोप लावतायत, ड्रोन वर घिरट्या घालतोय, भाषण संपता संपत नाही. तीच फिल्म तीनदा साठवलेली, आणि शिवाय तिचे न कापलेले तुकडे.

"यातल्या दोन प्रती उडवल्या तरी वर्षभराची सोय होते," मी म्हणाले.

तुमसरे बाबू दोन पावलं मागे सरले. "बाप्पा! त्यात मंत्री आहेत."

"तिन्हींत तेच आहेत. एक ठेवू ना."

"आणि नेमकी कोणती ठेवायची ते कोण सांगणार? उद्या विचारलं, खरेच अंतिम कुठे आहे, तर? नाही जी. वरून लेखी आणा, मग काय उडवायचं ते उडवा."

त्या समारंभातली रोपं त्याच उन्हाळ्यात वाळली होती. बाबूंना हे माहीत होतं, कारण नवी रोपं मागवण्याचा कागद त्यांनीच टाइप केला होता. पण व्हिडिओतली हिरवी होती.

यादीत पुढचा नंबर होता कॅमेऱ्यांच्या फोटोंचा. तिथे मंत्री नव्हते, त्यामुळे तिथे हात घालायला हरकत नव्हती. पण ते फोल्डर दिघोरे साहेबांचं, म्हणून आधी त्यांना विचारणं भाग होतं.

दिघोरे साहेब आमचे सहायक वनसंरक्षक. निवृत्तीला काही महिने उरलेले. उंच, थोडे वाकलेले, आणि खिशात कायम सुपारीची डबी. चांगला माणूस, पण अख्ख्या सर्कलमध्ये त्यांची ओळख एकाच गोष्टीमुळे होती. खूप वर्षांपूर्वी चिचनाल्याजवळ एका पहाटे त्यांना काळा बिबट दिसला होता. नुसता दिसला असता तर ठीक, पण त्यांनी सरळपणे तसा अहवाल पाठवला. आमच्या भागात काळा बिबट कधी कुणी पाहिला नव्हता. वरून पत्र आलं, पुरावा जोडा. पुरावा नव्हता. तेव्हापासून मिटिंगमध्ये कुणी काळा बूट घालून आलं तरी लोक दिघोऱ्यांकडे बघून हसत. मुळावकर साहेब तर फोनच 'काय, मिळाला का काळा?' असं म्हणून सुरू करत.

साहेबांनी मग हट्टाने चिचनाल्यावर कॅमेरे लावले. दुसऱ्या कुठल्याही नाल्यावर नसतील इतके. आमची डिस्क भरायला मंत्र्यांच्या खालोखाल साहेबच जबाबदार होते.

मुळावकर साहेबांची थट्टाही पूर्ण रिकामी नव्हती. चिचनाल्यापाशी सफारीचं नवं गेट उघडायचा त्यांचा प्रस्ताव पडून होता. तिथे पाहण्यासारखं काही नाही, एवढीच त्यात अडचण होती. "दिघोरे, तुमचा काळा एकदा फोटोत येऊ द्या," ते म्हणत, "दिवाळीच्या आत गेट उघडतो. देशभरातून पर्यटक येतील, जिप्सी कमी पडतील."

दिघोरे साहेब आले, खुर्ची ओढून बसले. फोटो बघण्यासाठी मी माझा लॅपटॉप सर्व्हरला जोडून ठेवला होता.

"आठ दिवसांतले चिचनाल्याचे उघडा," ते म्हणाले. "मी चाळतो. तुम्ही तोवर त्या व्हिडिओची परवानगी मागून बघा."

मी बाहेर जाऊन वरच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या क्लार्कने मला दुसऱ्या क्लार्ककडे दिलं, त्याने तिसऱ्याकडे. तिसरा म्हणाला, मंत्री बदलले आहेत, त्यामुळे आता ती फिल्म उडवणं जास्तच नाजूक आहे. मी फोन ठेवून परत आले तेव्हा साहेब खिडकीशी उभे होते. लॅपटॉपवर फोटो नव्हता, नुसती यादी होती.

"झाडे, यातले रिकामे फोटो उडवून टाका."

"रिकामे शोधायला वेळ लागेल, साहेब. हजारो आहेत."

"साइझवरून कळत नाही का? काळेकुट्ट आलेले फोटो लहान असतात ना?"

हे खरं होतं. अंधारात निघालेल्या फोटोत तपशील नसतो, म्हणून त्याची फाइल हलकी असते. भर दुपारी वाऱ्याने हललेल्या गवताचा फोटो मात्र भरपूर जड. पात्यापात्याचा हिशेब त्यात असतो.

"कळतं. पण साहेब, लहान फाइली उडवून जागा होत नाही. जागा मोठ्या खातात. गवताचे फोटो काढले तर पाच मिनिटांत काम होईल."

"गवतही काढा. पण आधी काळे उडवा."

"त्याने काहीच फरक पडणार नाही. सगळे काळे मिळून एका व्हिडिओच्या शेपटाएवढे पण नाहीत."

"आधी काळे," ते पुन्हा म्हणाले आणि आपल्या केबिनकडे निघून गेले.

मला राग आला. दोन वर्षं शिकून, हुकूम पाठ करून मी इथे आले होते आणि एक माणूस मला सांगत होता की घर रिकामं करायचं असेल तर आधी टाचण्या फेका. तरी साहेबच ते. मी चिचनाल्याच्या फोल्डरमध्ये ठरावीक आकारापेक्षा लहान असलेल्या फाइलींची यादी काढली. भराभर नावं सरकली. हुकूम टाइप करण्याआधी त्यातली एखादी उघडून बघायची मला सवय होती. मी उघडली. काळी. दुसरी उघडली. काळी. तिसरी एका पहाटेची होती, कॅमेऱ्याची बॅटरी उतरत आलेली असावी. तीही काळी, पण एका कोपऱ्यात काळ्यावर काळी कड होती.

मी फोटोचा उजेड वाढवला.

आधी कान दिसला. मग खांदा. मग अंग, कॅमेऱ्याच्या इतकं जवळ की चौकटीत मावत नव्हतं. उन्हात धरल्यावर काळ्या चंद्रकळेची वीण दिसावी तसे कातडीखालून ठिपके दिसत होते. काळे, काळ्यावर. मी पुढचा फोटो उजळला, त्यात शेपूट आणि पाठ. मी खुर्चीवरून उठलेच. हसू की ओरडू कळेना. तुमसरे बाबूंनी शेजारच्या खोलीतून विचारलं, "काय झालं जी?" मी सरळ साहेबांच्या केबिनकडे पळाले.

साहेब संत्रं सोलत बसले होते.

"साहेब, सापडला!"

"दार लावून घ्या."

मला वाटलं त्यांना समजलं नाही. मी दार लोटलं. "साहेब, काळा बिबट. चिचनाल्यावरचा. पहाटेचा फोटो आहे, उजेड वाढवला की स्पष्ट..."

"आणि मागे पिल्लू आहे," ते म्हणाले.

पिल्लू मी पाहिलं नव्हतं. बिबट्याच्या तिसऱ्या फोटोपर्यंत मी गेलेच नव्हते.

"तुम्ही बघितलंत?"

"तुम्ही फोनवर होता तेव्हा."

"मग उडवा म्हणालात ते..."

"तेच उडवा म्हणालो."

त्यांनी संत्र्याची एक फोड माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

"साहेब, लोक तुमच्यावर हसतात."

"ऐकू येतं मला."

"मग आता त्यांची तोंडं बंद होतील! इतकी वर्षं तुम्ही याच्यासाठीच तर कॅमेरे लावलेत ना?"

"होय. याच्यासाठीच." त्यांनी फोड परत सालीत ठेवली. "बसा. याआधी मी जिथे होतो तिथे एक वाघीण होती. तिच्या कानामागे झुंबरासारखी खूण होती, म्हणून मी तिला झुंबर म्हणायचो. पहिला फोटो माझा. पेपरात आला, खाली माझं नाव. आईला दाखवायला मी तो पेपर घरी नेला होता. पुढच्या वर्षी गेट झालं. मग हॉटेलं झाली. सकाळ-संध्याकाळ जिप्सींची रांग लागायची, आणि सगळ्यांना झुंबरच हवी. ती पिल्लांना घेऊन आतून बाहेर सरकत गेली, शेवटी शेतांत उतरली. डुकरांसाठी कुणीतरी कुंपणात करंट सोडला होता. पंचनामा मीच केला. त्या वेळीही फोटो काढायला लोक जमले होते."

बाहेर तुमसरे बाबू कुणाशी तरी फोनवर 'होय जी, होय जी' करत होते.

"माझा अहवाल खोटा नव्हता एवढंच मला दाखवायचं होतं," साहेब म्हणाले. "फोटो आला की काय करायचं याचा मी कधी विचारच केला नव्हता. आज तो समोर आला, आणि मला काय दिसलं सांगू? गेट दिसलं."

"पण साहेब, वरच्यांना सांगून संरक्षण मागता येईल ना? कायदा आहे, नियम आहेत."

"झुंबरला सगळे नियम होते."

मग त्यांनी पहिल्यांदाच मला आडनावाने हाक मारली नाही.

"हे बघ बेटा, मी तुला हुकूम देऊ शकत नाही. देऊ नयेच. तोंडी दिला तो सकाळी घाबरून दिला. तुझं कंत्राट मार्चमध्ये संपतं. हा फोटो वर गेला तर खाली तुझं नाव येईल, तुझं भलं होईल. ते तुझ्या हातून काढून घ्यायचा मला काही हक्क नाही. तुला काय वाटतं ते कर. मी विचारणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी रिटायर होतो. लोकांना माझ्यावर हसायची सवय झाली आहे. आता बंद केलं तर त्यांनाच करमणार नाही."

मी सर्व्हरच्या खोलीत परत आले. कुऱ्हाडींकडे बघत थोडा वेळ उभी राहिले. मग लॅपटॉपवर बिबट्याचा तिसरा फोटो उघडून उजळला. आई चौकटीच्या बाहेर गेलेली, आणि तिच्या मागे एक काळं पिल्लू थेट कॅमेऱ्यात बघत होतं. एक पाय हवेत. ही काय वस्तू आहे, हुंगावी की नाही, अशा विचारात असल्यासारखं.

ऑफिसचा फोन वाजला. तुमसरे बाबू दारात आले. "मुळावकर साहेब विचारतात, किती वेळ?"

"सांगा, होतंच आहे."

आता क्रमाला महत्त्व होतं. गवताचे फोटो आधी उडवले असते तर डिस्कवर जागा झाली असती, अडलेलं काम सुरू झालं असतं आणि नव्या गठ्ठ्यात हे तिन्ही फोटो सगळ्यांबरोबर वर निघाले असते. लहान फाइली उडवून जागा होत नव्हती, हेच त्या मायलेकरांचं भाग्य होतं. सकाळी जे मला अडाणीपणाचं वाटलं होतं ते त्या खोलीतलं सगळ्यात नेमकं बोलणं होतं.

साहेब मागे येऊन उभे राहिले होते. विचारणार नाही म्हणाले होते, आणि त्यांनी विचारलं नाही. मी हुकूम टाइप केला: चिचनाला, अमुक आकाराहून लहान, सगळे. शेवटी 'आरएम', म्हणजे उडव, ही दोन अक्षरं. बोट एंटरवर ठेवलं.

"यात कचरापेटी असते ना?" साहेबांनी हळूच विचारलं. "उडवलेलं परत काढता येतं ती?"

"इथे नसते, साहेब. इथे गेलं ते गेलं."

"नक्की?"

"नक्की."

"आणि कॅमेऱ्यातलं कार्ड?"

"ते मी पुसून परत लावायला दिलंय. त्यावर एव्हाना नवे फोटो आले असतील."

या नोकरीत आणि पुढच्या सगळ्या नोकऱ्यांत मला शेकडो लोकांनी 'उडवलेलं परत येतं का?' हा प्रश्न विचारला आहे. प्रत्येकाला उत्तर 'परत येतं' असंच हवं असे. 'येत नाही' म्हटल्यावर ज्याच्या चेहऱ्यावर सुख पसरलं असा माणूस मी एकच पाहिला.

मी एंटर दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही. या हुकुमाची तीच तर रीत आहे, काम झालं की तो बोलत नाही. पुन्हा 'डीएफ' टाकलं. डिस्क अजून शंभर टक्के भरलेलीच.

"काही फरक नाही," तुमसरे बाबू दारातून म्हणाले. "मी सांगतो, नवीन कॉम्प्युटरच मागवा."

मग मी गवत उडवलं. जागा झाली, अडलेलं काम जोरात सुरू झालं, आणि रानडुकरं, सांबरं, सरपण वेचायला जाणाऱ्या बाया, एक हरवलेली म्हैस असा आठ दिवसांचा कारभार वर रवाना झाला. थोड्या वेळाने मुळावकर साहेबांचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"काय दिघोरे, मिळाला का काळा?"

"नाही सर. काळे होते ते सगळे फोटो रिकामे निघाले. उडवून टाकले."

पलीकडून खूप वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांना मेमो आला. चिचनाल्यावर अनावश्यक कॅमेरे लावून त्यांनी शासकीय साठवण क्षमतेचा अपव्यय केला होता. साहेबांनी मेमो दोनदा वाचला आणि उत्तरात दिलगिरी व्यक्त केली. इतकं सुबक दिलगिरीपत्र आपण आयुष्यात टाइप केलं नव्हतं, असं तुमसरे बाबू म्हणाले. मेमोपाठोपाठ आदेश आला: सदर नाल्याच्या परिसरात उल्लेखनीय वन्यप्राणी आढळून येत नसल्याने तेथील सर्व कॅमेरे काढावेत व पर्यटन गेटचा प्रस्ताव कायमचा दप्तरबंद करण्यात यावा. कॅमेरे काढायला साहेब स्वतः गेले. माझ्या कंत्राटाचंही उत्तर त्याच टपालात होतं. डिस्कवर पुरेशी मोकळी जागा असल्याचं दिसून येत असल्याने सदर पदाची यापुढे आवश्यकता नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी साहेबांचा निरोप समारंभ झाला. सभागृह भरलं होतं. मुळावकर साहेब मुद्दाम आले होते. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मग त्यांनी कागदात गुंडाळलेली एक मोठी वस्तू टेबलावर ठेवली. कागद काढला तर आत चिनी मातीचा काळा कुळकुळीत बिबट्या. टाळ्या आणि हशा एकदमच उसळले.

"दिघोरे, हा तुमच्या कारकिर्दीतला पहिला आणि शेवटचा पुरावा!" मुळावकर म्हणाले. "आता तरी कबूल करा."

साहेब माइकपाशी गेले. "कबूल करतो," ते म्हणाले. "त्या दिवशी धुकं होतं. कुत्रंही असेल."

लोक खुर्च्यांवर मागे रेलून हसले. मुळावकर साहेबांना मात्र एवढ्याने पुरेना. त्यांची नजर पहिल्या रांगेत माझ्यावर पडली.

"या मॅडमना विचारा ना! सगळे फोटो यांच्या हाताखालून गेलेत. उभ्या राहा मॅडम. खरं सांगा, यांचा काळा बिबट कधी दिसला का तुम्हाला?"

मी उभी राहिले. दिघोरे साहेब त्या मातीच्या बिबट्याच्या पाठीवरून बोट फिरवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सर," मी म्हणाले, "आमची संपूर्ण डिस्क तपासून घ्या. त्यावर काळा बिबट मुळीच नाही."

सगळं सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्याने दिघोरे साहेब हसले, इतके की तुमसरे बाबूंना त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं.